पुस्तक मिटल्यावरची दहा मिनिटं

आमच्या अभ्यासिकेत दुपारी साडेतीन वाजले की खुर्च्या सरकायला लागतात. जेवणानंतरची सुस्ती झटकून सगळ्यांनी दोन तास रेटलेले असतात, डोळे चुरचुरत असतात, चहाची तल्लफ आलेली असते. पुण्याच्या नवी पेठेतल्या या इमारतीला गच्ची आहे, पण तिला कायम कुलूप. त्यामुळे सगळी गर्दी जिन्यात उतरते. कुणी टपरीकडे जातं, कुणी घरी फोन लावतं, आणि बरेच जण पायऱ्यांवर भिंतीला टेकून मोबाईल काढतात. मोबाईल उभा असेल तर रील, आडवा असेल तर गेम, हे लांबूनही कळतं. गेली दोन वर्षं मी या जिन्यात मोबाईल आडवा धरणाऱ्यांपैकी एक आहे. मानसशास्त्रात एम.ए. झालंय, सेट परीक्षेची तयारी करतेय, आणि अभ्यासाच्या मधे गेम खेळते.

हे घरी सरळ सांगितलं की आईचा चेहरा उतरतो. तिच्या लेखी जो खेळतो त्याचं अभ्यासात मन नाही. उलट जिन्यात कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं: ‘डोकं फ्रेश होतं.’ दोन्हीकडचे लोक ठाम असतात आणि दोन्हीकडे कुणी ते तपासलेलं नसतं. मला तपासावंसं वाटलं, कारण परीक्षा माझी आहे आणि ब्रेकही माझाच आहे. या विषयावर जगभर पुष्कळ काम झालंय. पण त्यात बहुतेकांनी ‘गेम आणि विद्यार्थी’ असा मोठा प्रश्न हाती घेतलाय. आमचा जिन्यातला प्रश्न त्याहून लहान आहे: पुस्तक मिटल्यापासून ते पुन्हा उघडेपर्यंतच्या वेळात गेम शिरला, तर नुकत्याच वाचलेल्याचं काय होतं?

हा प्रश्न आपल्याकडे घराघरात पोचला तो स्वस्त इंटरनेटमुळे. त्याआधी गेम म्हणजे बाबांच्या नोकियावरचा साप, नाहीतर सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून खेळायची गोष्ट. 2016 च्या सप्टेंबरमध्ये जिओ आलं, 2018 मध्ये पबजी मोबाईल आला, आणि शंभर जणांची लढाई थेट पोरांच्या खिशात येऊन बसली. 2019 च्या जानेवारीत ‘परीक्षा पे चर्चा’मध्ये एका आईने मुलाच्या ऑनलाइन गेमची काळजी पंतप्रधानांपुढे मांडली आणि त्यांनी लगेच पबजीचं नाव घेतलं. दोनच महिन्यांत राजकोटच्या पोलिसांनी या गेमवर बंदी घातली आणि खेळताना सापडलेल्या तरुणांना अटकही केली. 2 सप्टेंबर 2020 ला केंद्र सरकारने 118 अ‍ॅप्सवर बंदी आणली, त्यात पबजी होता. पण त्यामागचं कारण देशाच्या सुरक्षेचं होतं, पोरांच्या अभ्यासाचं नव्हतं. 2021 च्या जुलैमध्ये तोच गेम बीजीएमआय या नावाने परत आला, वर्षभराने पुन्हा स्टोअरवरून हटला, 2023 च्या मे महिन्यात पुन्हा आला. मधल्या काळात फ्री फायरवरही बंदी आली. माझा धाकटा भाऊ या सगळ्या काळात शाळेत होता आणि त्याचं खेळणं एक आठवडाही थांबलं नाही. एक गेम गेला की दुसरा होता. रिकामा वेळ तोच होता आणि हातातला मोबाईलही तोच.

गेमचा गुणांवर काय परिणाम होतो, यावर मला तीन कामं सगळ्यात महत्त्वाची वाटतात.

पहिलं रॉबर्ट वाइस आणि ब्रिटनी सेरान्कोस्की या अमेरिकी संशोधकांचं, 2010 चं. त्यांनी 6 ते 9 वयाची 64 मुलं घेतली. यांच्यापैकी कुणाच्याच घरी गेमचं यंत्र नव्हतं, पण पालक घेणार होते. निम्म्या मुलांना ते लगेच दिलं, निम्म्यांना चार महिन्यांनी द्यायचं कबूल केलं. चार महिन्यांनंतर ज्यांच्याकडे यंत्र आलं होतं त्यांचे वाचन-लेखनाचे गुण मागे पडलेले दिसले. गेममुळे मेंदू बिघडला असा निष्कर्ष यातून निघत नाही. शाळा सुटल्यावर जो वेळ अभ्यासात जायचा तो गेमकडे वळला होता, एवढंच झालं होतं.

दुसरं काम आम्हा रूमवर राहणाऱ्यांच्या जवळचं आहे. अमेरिकेत केंटकी राज्यात बेरिया कॉलेज आहे. तिथे वसतिगृहातले जोडीदार चिठ्ठ्या टाकल्यासारखे, कुणाचीही निवड न पाहता ठरवले जात. राल्फ आणि टॉड स्टाइनब्रिकनर या अर्थतज्ज्ञांनी 2008 च्या अभ्यासात हाच धागा पकडला. ज्याच्या वाट्याला गेमचं यंत्र घेऊन आलेला जोडीदार आला, त्याचा रोजचा अभ्यास कमी झाला आणि पहिल्या सत्राचे गुण घसरले. यंत्र त्याचं नव्हतं, हौसही त्याची नव्हती, तरी परिणाम त्याच्यावर झाला. कॉट बेसिसवर एका खोलीत चौघी राहणाऱ्या मला हे वाचून फारसं आश्चर्य वाटलं नाही. एका कॉटवर मॅच सुरू झाली की उरलेल्या तीन कॉट्सवरची पुस्तकं हळूहळू छातीवर उलटी पडतात.

तिसरं काम मात्र उलट दिशेला जातं. अ‍ॅरन ड्रमंड आणि जेम्स सॉअर यांनी 2014 मध्ये ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीची 2009 ची माहिती घेतली. 22 देशांतले, पंधरा वर्षांच्या आसपासचे 1,92,000 हून जास्त विद्यार्थी त्यात होते. गेम खेळण्याचा आणि विज्ञान, गणित, वाचन यांतल्या गुणांचा संबंध त्यांना नगण्य दिसला.

या तिन्हींचा मेळ कसा घालायचा? माझ्या मते त्यांत भांडण नाहीच. गेम अभ्यासाच्या वेळातून तास काढून घेत असेल तर गुण जातात. तो टीव्हीच्या किंवा कट्ट्यावरच्या गप्पांच्या वेळातून येत असेल तर गुणांना धक्का लागत नाही. म्हणजे ‘खेळतोस का’ असं विचारून काहीच हाती लागत नाही. ‘कशाच्या जागी खेळतोस’ हे विचारावं लागतं. माझ्या भावाला घरी हा प्रश्न तोवर कुणी विचारलेला नव्हता, मीसुद्धा नाही.

आता ब्रेककडे. इथे गोष्ट तासांच्या हिशोबापुरती राहत नाही. 1900 साली जर्मनीत ग्योटिंगेन इथे ग्योर्ग म्युलर आणि आल्फोन्स पिल्झेकर यांनी एक विचार मांडला, जो आज आमच्या अभ्यासक्रमात स्मृतीच्या धड्यात अर्ध्या पानात उरकतो. नवीन शिकलेलं मनात लगेच घट्ट बसत नाही. त्याला मुरायला वेळ लागतो, आणि त्या वेळात दुसरं काही समोर आलं तर पहिलं पुसट होतं. मुरणं हा शब्द माझा आहे, पण लोणचं घालणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला यापेक्षा जवळचा शब्द सुचणार नाही. फोडींना मसाला लावला, बरणी भरली, की ती हलवायची नसते.

एडिंबरोच्या मिकेला ड्यूअर आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये हे फार साध्या रीतीने तपासलं. साठी ओलांडलेल्या लोकांना त्यांनी दोन छोट्या गोष्टी ऐकवल्या. एका गोष्टीनंतर 10 मिनिटं अंधाऱ्या खोलीत डोळे मिटून स्वस्थ बसायचं. दुसऱ्या गोष्टीनंतर तेवढाच वेळ कॉम्प्युटरवर दोन चित्रांतले फरक शोधायचा खेळ खेळायचा. सात दिवसांनी विचारलं, तेव्हा स्वस्थ बसण्याआधी ऐकलेली गोष्ट लोकांना जास्त आठवत होती. फरक शोधायचा खेळ! त्यात बंदूक नाही, रँक नाही, गोंगाट नाही. आपण ज्याला ‘साधा टाइमपास गेम’ म्हणतो तसाच तो. तेवढ्यानेही फरक पडला.

हा प्रयोग वाचला तेव्हा मी अभ्यासिकेतच होते. पुस्तक मिटून जिन्यात आले आणि बराच वेळ मोबाईल काढला नाही. दोन वर्षं मी नेमकं काय करत होते, ते तेव्हा लख्ख दिसलं. नवीन प्रकरण वाचायचं, डोकं जड झालं की लगेच ब्लॉक जुळवायचा गेम उघडायचा. म्हणजे बरणी भरायची आणि लगेच हलवायची.

अर्थात एका प्रयोगावर सगळा भार टाकू नये. पुढच्या काही प्रयोगांत असंही दिसलं, की मधलं काम वाचलेल्या मजकुराशी फारसं जुळत नसेल तर आठवणीला बाधा येत नाही. शिवाय साठीच्या माणसाने ऐकलेली गोष्ट आणि पंचविशीतल्या मुलीने वाचलेलं संख्याशास्त्र यांत अंतर आहे. तरी मला यातलं मूळ पटतं, कारण ते रोजच्या अनुभवाशी जुळतं.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. अमेरिकेत मायकेल रप आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये ब्रेकचाच प्रयोग केला. कंटाळवाणं, दमवणारं काम करून थकलेल्या लोकांना पाच मिनिटांची सुट्टी दिली. काहींनी साधा, हलका गेम खेळला, काहींनी ध्यानासारखी सांगून करवलेली विश्रांती घेतली, काही नुसते बसून राहिले. गेम खेळलेल्यांना बरं वाटलं, मनःस्थिती सुधारली. नुसत्या बसून राहिलेल्यांना तसा लाभ मिळाला नाही. म्हणजे जिन्यातलं ‘डोकं फ्रेश होतं’ हे निव्वळ निमित्त नाही. थकलेल्या माणसाला रिकामी भिंत बघायला लावली तर तो अजून कंटाळतो, हे कुणीही मान्य करेल.

इथे माझ्या मनात एक गोष्ट जुळली, आणि या सगळ्या वाचनातून मला जे सांगायचंय ते हेच. ब्रेकची दोन कामं असतात आणि आपण ती एकच समजतो. एक काम वाचलेलं मुरू देण्याचं, दुसरं थकवा घालवण्याचं. पहिल्याला शांतता लागते, दुसऱ्याला गंमत. त्यामुळे ब्रेकमध्ये गेम खेळावा की नाही, याचं उत्तर ब्रेकच्या आधी आपण काय करत होतो त्यावर ठरतं. नवीन काही शिकून उठलो असू, तर ती पहिली दहा मिनिटं कोऱ्या मनाची असावीत. जुनंच घोटत असू, प्रश्नसंच सोडवत असू, ओएमआरचे गोळे काळे करत असू, तर मुरायला नवीन काही नसतं. तिथे थकवा असतो, आणि छोटा गेम त्याला चांगला उतारा आहे.

मी गेले काही महिने असंच करतेय. सकाळच्या सत्रात नवीन प्रकरण असतं, तेव्हा मोबाईल बॅगेत. उठून शास्त्री रस्त्यापर्यंत चालत जाते, चहा घेते, कुणाशी फार बोलत नाही. पहिले चार-पाच दिवस हात आपोआप खिशाकडे जायचा. चहाच्या ग्लासभोवती दोन्ही हात धरून उभी राहायचे, म्हणजे त्यांना काम मिळे. पण एक नवीन गोष्ट व्हायला लागली. टपरीवर उभं असताना, काही न ठरवता, नुकतंच वाचलेलं मनात परत यायचं. एखाद्या सिद्धांताचं नाव, मग त्याचा तक्ता, मग त्या तक्त्यात मला न कळलेला कोपरा. तो कोपरा घेऊन मी परत जायचे आणि पान उघडून थेट तिथेच बोट ठेवायचे. हे गेमच्या दिवसांत कधीच झालं नव्हतं. दुपारी मात्र प्रश्नसंच असतो, आणि साडेतीनला मी जिन्यात बसून बिनधास्त खेळते. त्यात आता चोरटेपणा वाटत नाही.

पण मग कोणता गेम? माझ्या मते इथेच सगळ्यात जास्त फसगत होते.

प्रत्येक गेमला स्वतःचं घड्याळ असतं. बीजीएमआयची मोठी मॅच शेवटपर्यंत टिकलात तर अर्ध्या तासाच्या आसपास जाते. ती मधे थांबवता येत नाही. कँडी क्रशमध्ये पाच जीव असतात. ते संपले की दर अर्ध्या तासाने एक परत मिळतो, म्हणजे खेळ संपला तरी परत बोलावणं येतच राहतं. रोज हजेरी लावली तर बक्षीस, एक दिवस चुकला तर साखळी तुटली, अशी व्यवस्था किती गेम्समध्ये असते! नवी मुंबईत तयार झालेल्या लुडो किंगने 2020 च्या टाळेबंदीत घरंच्या घरं एकत्र बसवली, पण चार जणांचा डाव कधी संपेल हे फाशावर. याउलट ऑनलाइन बुद्धिबळातला तीन-तीन मिनिटांचा डाव जास्तीत जास्त सहा मिनिटांत संपतोच, कारण घड्याळ डावाच्या आतच बसवलेलं आहे. ब्रेक पंधरा मिनिटांचा आणि गेम अर्ध्या तासाचा, ही जुळणीच चुकीची. त्यात दोष खेळणाऱ्याच्या इच्छाशक्तीला दिला जातो, हे मला अन्यायाचं वाटतं.

माझ्या शेजारच्या कॉटवरची मैत्रीण एमपीएससीच्या कंबाईन परीक्षेची तयारी करते. एक रात्र मला नीट आठवते. सव्वानऊला मेसवरून आलो, दहाला पुन्हा अभ्यासाला बसायचं ठरलं होतं. तिने मॅच सुरू केली. मी मधेच म्हटलं, ‘‘अगं, दहा वाजले.’’ ती मान न उचलता म्हणाली, ‘‘थांब गं, लास्ट झोन आहे.’’ अंगठे काचेवर चालू, श्वास रोखलेला, खांदे कानापर्यंत आलेले. सात जण उरले, मग पाच, मग तिला कुठून तरी गोळी लागली. तिने मोबाईल उशीवर टाकला आणि पुस्तक उघडलं. वीस मिनिटांनी मी पाहिलं तर पान तेच होतं. ‘‘त्या दगडामागे गेले असते ना,’’ ती म्हणाली.

तो दगड तिच्या मनातून निघत नव्हता, याला शास्त्रात आधार आहे. सोफी लेरॉय यांनी 2009 मध्ये दाखवलं, की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलं की लक्षाचा एक भाग मागेच राहतो. आणि टेट्रिस खेळणाऱ्यांवरचा रॉबर्ट स्टिकगोल्ड यांचा 2000 सालचा प्रयोग तर चकित करणारा आहे. नव्याने टेट्रिस शिकणाऱ्यांना झोप लागता लागता डोळ्यांपुढे ते घसरत येणारे ठोकळे दिसत होते. स्मृतिभ्रंश झालेले काही रुग्णही त्यात होते. आपण गेम खेळलो हेच त्यांना आठवत नव्हतं, तरी त्यांनाही ठोकळे दिसले. हातातला मोबाईल खाली ठेवला म्हणजे गेम संपला, असं नसतं. डावाला शेवट असलेला, हरलं तरी मनात न रेंगाळणारा गेम ब्रेकला बरा. रँक चढवायची असेल तर ती ब्रेकमध्ये चढत नाही.

तरी त्या मैत्रिणीबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर चित्र एकतर्फी होईल. तिच्या स्क्वॉडमधल्या दोघी तिच्या धाराशिवकडच्या शाळेतल्या मैत्रिणी आहेत. एकीचं लग्न झालंय, एक तालुक्याला मेडिकलच्या दुकानात काम करते. तिघी मिळून खेळतात तेव्हा गेममधलं बोलणं पाच मिनिटांत संपतं आणि ‘तुझ्या सासूबाईंचं ऑपरेशन झालं का’ इथे गाडी येते. पुण्यात येऊन तीन वर्षं झाली, पूर्व परीक्षा दोनदा थोडक्यात गेली, घरचे दर फोनला जाहिरात कधी निघणार ते विचारतात. ज्यांच्याशी परीक्षेबद्दल बोलावं लागत नाही अशी माणसं तिला त्या लॉबीतच भेटतात. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 2022 मध्ये सात गेम्सच्या 38,935 खेळाडूंचा प्रत्यक्ष खेळलेला वेळ कंपन्यांकडून घेऊन पाहिला, तेव्हा किती वेळ खेळलं यावरून माणसाच्या सुखदुःखात जवळपास काहीच फरक दिसला नाही. आपण का खेळतो, मनापासून की सुटका नाही म्हणून, हे जास्त महत्त्वाचं ठरलं. मला ते वाचताना मैत्रिणीचा तो सासूबाईंचा प्रश्न आठवला.

रात्रीबद्दल मात्र मी कडक आहे. जर्मनीत मार्कुस ड्वोराक आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये शाळकरी मुलांना एका संध्याकाळी तासभर कॉम्प्युटर गेम खेळायला दिला आणि रात्री त्यांची झोप मोजली. झोप लागायला उशीर झाला, गाढ झोप कमी झाली, आणि पाठ केलेलं शाब्दिक ज्ञान जास्त विसरलं गेलं. मुलं मोजकीच होती, पण यातली भीती साधी आहे: दिवसभराचा अभ्यास मुरायची सगळ्यात मोठी संधी म्हणजे झोप. दिवसातले चार ब्रेक चुकले तरी चालतील. ही रात्रीची बरणी हलवू नये.

गेमने बुद्धी तल्लख होते, या दाव्याकडे मी फार वेळ देणार नाही. शॉन ग्रीन आणि डाफ्ने बाव्हेलिए यांनी 2003 मध्ये दाखवलं की वेगवान गेम्समुळे नजरेचं लक्ष सुधारतं; ते खरं, पण एकाग्र नजर आणि राज्यघटनेची कलमं यांचा संबंध लांबचा. मेंदूला ‘व्यायाम’ देतो म्हणणाऱ्या लुमोसिटी या कंपनीला तर 2016 मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगापुढे फसव्या जाहिरातींबद्दल 20 लाख डॉलर भरावे लागले. विश्रांती म्हणून खेळा. त्याला अभ्यासाचं नाव कशाला?

व्यसनाचा शब्द आपल्याकडे फार सैल वापरला जातो, तो जपून वापरावा असं मला मानसशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून कळकळीने वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेने 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत गेमिंग विकाराची नोंद केली आहे. तिच्या खुणा स्पष्ट आहेत: खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळ्या गोष्टींपेक्षा गेमला जास्त महत्त्व येतं, नुकसान दिसत असूनही खेळणं चालूच राहतं किंवा वाढतं. आणि हे सगळं साधारण बारा महिने दिसायला हवं, आयुष्याची घडी विस्कटेल इतकं. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात दोन तास जास्त खेळलेला मुलगा यात बसत नाही. जो खरोखर बसतो त्याला ओरडा खाऊन उपयोग नाही, उपचार लागतात. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये 2014 पासून यासाठी वेगळं क्लिनिक चालतं. चीनने 2021 मध्ये अठरा वर्षांखालच्यांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढाच वेळ ठेवला. दक्षिण कोरियाने सोळा वर्षांखालच्यांना मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत बंदी करणारा 2011 चा कायदा दहा वर्षांनी स्वतःच मागे घेतला. बाविशी-पंचविशीतल्या आम्हा स्पर्धा परीक्षावाल्यांना यातलं काहीच लागू होत नाही. आमच्यावर लक्ष ठेवणारं कुणी नाही, आम्हीच आहोत.

पैसे लावून खेळायच्या गेम्सना मी या लेखातल्या ‘गेम’ शब्दात धरतच नाही. आमच्या इमारतीतला एक मुलगा ब्रेकमध्ये रमी खेळायचा. सुरुवातीला शंभर-दोनशे जिंकला, मग मेसचे पैसे गेले, मग अभ्यासिकेची फी. शेवटी तो महिनाअखेर न थांबता गावी गेला आणि त्याची जागा दुसऱ्या कुणीतरी घेतली. त्याच्या टेबलवर चिकटवलेलं वेळापत्रक बरेच दिवस तसंच होतं. 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने असे पैशांचे ऑनलाइन खेळ चालवण्यावर बंदी आणणारा कायदा केला. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड अशी तरतूद त्यात आहे. गेमवरच्या आजवरच्या सगळ्या सरकारी निर्णयांत मला हा एक मनापासून पटला. ब्रेक म्हणजे डोक्यावरचा भार उतरवायची वेळ, आणि तिथे आपण कर्ज घेऊन उठतो, हे फार क्रूर आहे.

या सगळ्या वाचनात एक गोष्ट मात्र कुठल्याच प्रयोगात सापडली नाही, आणि ती आमच्या जिन्यात रोज डोळ्यांपुढे असते. आमच्याकडे ब्रेक घालवायला जागाच नाही. खोलीत कॉटपुरती जमीन, अभ्यासिकेत खुर्चीपुरती. सदाशिव पेठेत, नवी पेठेत गल्ल्या गाड्यांनी भरलेल्या. मुलींनी टपरीवर एकटीने दहा मिनिटं नुसतं उभं राहणं अजूनही काही डोळ्यांना खुपतं. बॅडमिंटन खेळावं तर तासाचे पैसे. खिशात मावणारा, फुकट मिळणारा, कुणाची परवानगी न लागणारा खेळ एकच उरतो. मुलं मोबाईलवर खेळतात म्हणून हळहळणाऱ्यांनी एकदा येऊन आमच्या गच्चीचं कुलूप पाहावं. मी गेल्या महिन्यात अभ्यासिकेच्या काकांकडे गेले आणि म्हटलं, ‘‘काका, दुपारी अर्धा तास गच्ची उघडी ठेवाल का? कुणी गोंधळ करणार नाही.’’ ते म्हणाले, ‘‘बघतो, मालकांना विचारावं लागेल.’’ अजून उत्तर आलेलं नाही, पण मी दर सोमवारी आठवण करते.

शेजारच्या कॉटवरच्या मैत्रिणीने तिची वेळ बदलली आहे. आता तिची मॅच मेसनंतर सुरू होत नाही, मेसच्या आधी होते. साडेसातला प्रश्नसंच संपवायचा, आठला लॉबीत जायचं, मॅच संपली की जेवायला. जेवता जेवता त्या दगडाबद्दल काय बोलायचं ते बोलून होतं, आणि रात्रीच्या उजळणीला तो सोबत येत नाही. धाराशिवच्या दोघींनाही ही वेळ बरी पडते; एकीचं दुकान बंद झालेलं असतं, दुसरीचा स्वयंपाक उरकलेला असतो. स्क्वॉडमधली चौथी जागा बरेच दिवस कुणा अनोळखी माणसाला जात होती. काल माझ्या भावाला मी फोन केला आणि पहिल्यांदाच विचारलं, ‘‘तू नेमका कधी खेळतोस रे? तेव्हा खेळला नसतास तर काय करत असतास?’’ तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘‘ताई, तू पण ये ना. आठला आमच्यात एक जागा असते.’’ मी त्याला सांगितलं, आमच्यातही एक आहे.